आधी कुणाच्या दारात जायचं? : ‘सीक्रेट सनशाईन’ आणि क्षमेचा क्रम

चार वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या आठवड्यात काका आमच्या घरी आले. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच. खुर्चीत नीट बसले, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, “वहिनी, प्रभूनं मला क्षमा केली. आता मन कसं हलकं झालंय.”

आई म्हणाली, “भाऊजी, चहा टाकते.” आणि आत गेली. दूध उतू गेल्याचा वास आला, तरी ती बाहेर आली नाही.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. काकांनी एका पतसंस्थेतून कर्ज काढलं, वडील जामीन राहिले. काकांनी हप्ते थांबवले आणि गाव सोडलं. वसुली वडिलांच्या पगारातून सुरू झाली, ती पाच वर्षं चालली. आईच्या बांगड्या गेल्या, माझं इंजिनिअरिंग डिप्लोमावर आलं. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, रविवारी उपासना. काका पुढे दुसऱ्या शहरातल्या एका प्रार्थनासभेत जाऊ लागले आणि तिथे त्यांनी साक्ष दिली, की आपलं जुनं आयुष्य धुऊन निघालं. त्या साक्षीत आमच्या वडिलांचं नाव नव्हतं, असं नंतर कळलं.

त्या रात्री भांडी घासताना आईनं मला विचारलं, “त्यांचं हलकं झालं म्हणतात. मग ते ओझं गेलं कुठे रे?”

या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या प्रवचनात मिळालं नाही. तो प्रश्न नीट मांडलेला मात्र एका कोरियन सिनेमात सापडला. ली चांग-डाँग यांचा ‘सीक्रेट सनशाईन’, 2007 सालचा. तुम्ही के-ड्रामा बघत मोठे झाला असाल आणि हा बघितला नसेल, तर एका रात्रीत बघून टाका. पुढे मी शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे. स्पॉयलरची भीती असेल तर इथे थांबा आणि बघून परत या.

मिर्यांगचं ऊन

शिन-ए ही पियानो शिकवणारी तरुण विधवा. नवरा अपघातात गेलाय. लहानग्या जुनला घेऊन ती सोलहून नवऱ्याच्या गावी, मिर्यांगला, राहायला येते. गावाबाहेरच गाडी बंद पडते. ती ओढून न्यायला येतो गॅरेजवाला जोंग-चान. ही भूमिका सोंग कांग-होची आहे, म्हणजे ‘पॅरासाइट’मधला बाप. शिन-ए त्याला सांगते की मिर्यांग या नावाचा चिनी अक्षरांतून अर्थ निघतो, गुप्त सूर्यप्रकाश. त्याला तो माहीतच नसतो. आपल्या गावाच्या नावाचा अर्थ आपण तरी कुठे बघतो?

नव्या गावात आपली पत राहावी म्हणून शिन-ए एक छोटं खोटं बोलते. पैसे आहेत, जमीन घ्यायचीय, असं सगळ्यांना भासवते. जुनच्या वक्तृत्व क्लासचा मास्तर ते खरं मानतो. तो खंडणीसाठी जुनला पळवतो. पैसे नसतातच. पोराचं प्रेत गावाबाहेरच्या पाण्याकाठी सापडतं.

समोरची औषधदुकानवाली बाई शिन-एला सुरुवातीपासून सांगत असते, की उन्हाच्या एका तिरिपेतही देवाची इच्छा असते. शिन-ए त्या तिरिपेत हात घालून बघते आणि म्हणते की इथे तर नुसतं ऊन आहे. पण पोर गेल्यावर तीच एका प्रार्थनासभेत शिरते आणि पोटातून फुटून रडते. पाळक येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवतात. रडणं हळूहळू शांत होतं. ज्यांनी अशा सभा जवळून पाहिल्यात त्यांना कळेल, या दृश्यात थट्टेचा एक कणही नाही. जॉन डो-योन ते ज्या तऱ्हेनं करते ते बघताना मला आमच्या चर्चमधल्या मागच्या बाकावरच्या बायका आठवल्या. याच भूमिकेसाठी तिला त्या वर्षी कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

शिन-ए ख्रिस्ती होते. आणि एक दिवस जाहीर करते, की मी तुरुंगात जाऊन त्या माणसाला क्षमा करणार. मंडळीतले लोक भारावतात. जोंग-चान, जो तिच्यामागे लागून चर्चमध्ये येऊ लागलाय, तो तेवढा कुरकुरतो. मनातल्या मनात क्षमा केली तर चालत नाही का, तिथे जायलाच हवं का?

काचेपलीकडचा चेहरा

तुरुंगातलं दृश्य जेमतेम काही मिनिटांचं आहे. अख्खा सिनेमा त्याच्यावर उभा आहे.

काचेपलीकडे खुनी येऊन बसतो. चेहरा शांत, जवळजवळ तजेलदार. शिन-ए सांगायला लागते, की मला देव भेटला, तुम्हालाही भेटावा म्हणून मी आलेय. तो आनंदानं मान डोलावतो. त्यालाही देव भेटलाय. त्यानं पश्चात्ताप केलाय, देवानं त्याला क्षमा केलीय, आता रात्री नीट झोप लागते. आणि तो शिन-एसाठी रोज प्रार्थना करतो.

बस. तो आवाज चढवत नाही, खोटंही बोलत नाही. माझ्या मते हीच दिग्दर्शकाची सगळ्यात अवघड निवड आहे. खुनी ढोंगी दाखवला असता तर आपण सुटलो असतो, ‘हा नाटक करतोय’ म्हणून मोकळे झालो असतो. ली तसं होऊ देत नाहीत. तो माणूस खरोखर बदललेला असू शकतो. तरीही काहीतरी भयंकर घडलंय. बाहेर आल्यावर शिन-ए कोसळते. तिचा प्रश्न साधा आहे. मी अजून क्षमा केली नाही, तर देवानं माझ्याआधी ती कशी केली?

या सिनेमावर लिहिणारे बहुतेक जण इथे दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो हा धर्माची पोलखोल करणारा सिनेमा. दुसरा म्हणतो, बाईची श्रद्धाच कच्ची होती. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात, कारण दोन्हींत त्या दृश्याचा अर्धा भाग सुटतो.

सुटलेला भाग शिन-एच्या बाजूचा आहे. ती कशासाठी गेली होती? समोरचा माणूस खचलेला असेल, रडेल, आणि मग ती वरून हात पुढे करेल, हे चित्र तिच्या मनात होतं. सगळं गेलेल्या बाईकडे एकच गोष्ट उरली होती, जी जगात दुसरं कुणी त्याला देऊ शकत नव्हतं. ती द्यायला गेली तर कळलं, की त्याला त्याची गरजच नाही. तिच्या क्षमेत थोडा अधिकारही होता, थोडी सत्ताही होती. हे मान्य करताना तिच्याबद्दलची माया कमी होत नाही. लुटल्या गेलेल्या माणसानं निदान पावतीवर सही आपली असावी असं म्हणणं, यात गैर काय?

ऋण हा शब्द

क्षमेबद्दल ख्रिस्ती घरात सर्वांत जास्त सांगितला जातो तो मत्तयच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू सातावर न थांबता त्याला सत्तर पट वाढवतो आणि एक दाखला सांगतो. राजाचा एक चाकर दहा हजार तलांत देणं लागत असतो. राजा ते सगळं सोडून देतो. तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दीनारांसाठी दुसऱ्या चाकराचा गळा धरतो.

हा दाखला सांगताना पाळक नेहमी म्हणतात, बघा, केवढं मोठं कर्ज माफ झालं आणि हा केवढ्याशा रकमेसाठी भांडतोय! मी एकदा हिशेब केला. दीनार म्हणजे एका मजुराची एका दिवसाची मजुरी. तलांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. दहा हजार तलांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, कुणालाच फेडता येणार नाही असा आकडा. पण शंभर दीनार? तीन महिन्यांहून जास्त मजुरी. रोज पाचशे रुपये धरले तर पन्नास हजार. आमच्या घरात या रकमेला कुणी ‘केवढीशी’ म्हटलं असतं तर आईनं त्याला दार दाखवलं असतं. दाखला सांगणाऱ्यानं आकडा फार विचारपूर्वक निवडलाय. आपलं नुकसान खरं आहे, हे त्यात गृहीत आहे.

मत्तयमधल्या प्रभूच्या प्रार्थनेतही मराठीत ‘ऋण’ हा शब्द येतो. लहानपणी तो मला विचित्र वाटायचा. पाप ठीक आहे, अपराध ठीक आहे, ऋण कशाला? आता वाटतं, हाच शब्द सर्वांत प्रामाणिक आहे. कर्ज माफ होतं म्हणजे ते हवेत विरत नाही. देणाऱ्याच्या वहीत तेवढा खड्डा पडतो, आणि तो खड्डा कुणीतरी सोसतं. ओझं गेलं कुठे, या आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

पण दाखल्यात एक प्रसंग नाही, आणि तो नेमका सिनेमात आहे. राजानं माफ केलेला चाकर अशा माणसाला भेटला, ज्याचं तो *स्वतः* देणं लागतो, तर? ‘राजानं मला सोडलं, आता तुझंही मिटलं’ असं त्याला म्हणता येईल का?

बायबलमध्ये या बाजूनं बोलणारा एक आवाज आहे, हे मान्य करायला हवं. दावीद राजानं बथशेबेला आपल्याकडे आणलं आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मरू दिलं. नाथानानं कान उघडल्यावरचं म्हणून जे स्तोत्र ओळखलं जातं, त्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो की मी केवळ तुझाच अपराधी आहे. केवळ? उरीयाचं काय? तो स्तोत्र ऐकायला जिवंतच नाही. काचेपलीकडचा खुनी हेच वाक्य जगतो आहे.

पण त्याच बायबलमध्ये दुसरे आवाजही आहेत, आणि माझ्या दृष्टीनं जास्त ठाम. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जाऊन भावाशी समेट कर, मग परत ये. क्रम बघा. देव थांबायला तयार आहे, भावानं थांबू नये. जकातदार जक्कय येशू घरी आल्यावर पहिली गोष्ट बोलतो ती हिशेबाची. ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत देतो म्हणतो. आणि वधस्तंभावरची क्षमेची प्रार्थना कोण करतं? ज्याला खिळे ठोकलेत तो. खिळे ठोकणारे शिपाई घरी जाऊन ‘आमचं मिटलं’ असं सांगत नाहीत.

जर्मनीतला पाळक डिट्रिश बोनहोफर यानं 1937 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ‘स्वस्त कृपे’बद्दल लिहिलं होतं. किंमत न मोजता, पश्चात्तापावाचून वाटली जाणारी कृपा, असा त्याचा रोख. सिनेमातल्या खुन्यानं पश्चात्ताप केलाय, म्हणजे बोनहोफरच्या कसोटीवर तो कदाचित अर्धा उतरेल. त्याचा पश्चात्ताप फक्त वरच्या दिशेनं गेलाय. आडव्या दिशेनं, काचेच्या अलीकडे, एक शब्दही आलेला नाही. आणि शिन-एच्या मंडळीतल्या एकाही माणसाला हा प्रश्न पडलेला नाही, की त्या माणसानं या बाईकडे काही मागितलंय का?

ग्वांगजूची सावली

हा सिनेमा यी चोंग-जुन यांच्या 1985 मधल्या एका कथेवर बेतलेला आहे. त्या वेळी दक्षिण कोरियात चुन दू-ह्वानची हुकूमशाही होती. पाच वर्षांपूर्वी, मे 1980 मध्ये, ग्वांगजू शहरात लष्करानं नागरिकांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्याबद्दल उघड लिहिणं अशक्य होतं. ली चांग-डाँग यांनी मुलाखतींत सांगितलंय, की त्यांनी ही कथा 1988 मध्ये, ग्वांगजूची संसदीय सुनावणी चालू असताना वाचली आणि त्यांना लगेच वाटलं, ही ग्वांगजूचीच गोष्ट आहे. ज्यांची माणसं गेली त्यांना न विचारता वरच्या वर समेट जाहीर होतो, त्याची गोष्ट.

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. चुनला 1996 मध्ये मृत्युदंड झाला, तो अपिलात जन्मठेपेवर आला आणि डिसेंबर 1997 मध्ये माफी मिळाली. त्या माफीला नवनिर्वाचित अध्यक्ष किम दे-जुंग यांची संमती होती. हे किम कॅथलिक, आणि 1980 मध्ये याच चुनच्या लष्करी न्यायालयानं त्यांना मृत्युदंड ठोठावला होता. स्वतःपुरती क्षमा करण्याचा त्यांचा अधिकार कुणीच नाकारणार नाही. पण ग्वांगजूतल्या आयांच्या वतीनं? चुन 2021 मध्ये वारला, ग्वांगजूची माफी न मागता.

आपल्याकडचं उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमथी, गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि बारीपद्यात राहून कुष्ठरुग्णांचं काम सुरू ठेवलं. त्या क्षमेमुळे खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला 2003 मध्ये मृत्युदंड झाला, 2005 मध्ये उच्च न्यायालयानं तो जन्मठेपेवर आणला आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीच शिक्षा कायम ठेवली. क्षमा आणि न्याय आपापल्या वाटेनं चालले. ग्लॅडिस यांची क्षमा मला मोठी वाटते ती यासाठी, की ती त्यांची होती. ती दुसऱ्या कुणी त्यांच्याकडून वसूल केली नाही, आणि त्यांनीही ती कुणाकडे पाझरावी म्हणून वाट पाहिली नाही. मात्र एक भीती आहे. आपण ग्लॅडिस यांचं नाव घेतो ते बऱ्याचदा दुसऱ्या कुणाला तरी गप्प करायला. ‘बघ, त्यांनी केलं, तुला काय झालं?’ आमच्या आईला हे दोन वेळा ऐकवलं गेलंय.

जिथे सिनेमा घसरतो

सिनेमा निर्दोष नाही. तुरुंगानंतर शिन-ए देवाशी भांडण काढते. दुकानातून सीडी चोरते, मैदानातल्या प्रार्थनासभेत ‘खोटं आहे’ म्हणणारं जुनं पॉप गाणं लावते, औषधदुकानवालीच्या नवऱ्याला मोहात पाडायला जाते. प्रत्येक प्रसंग सुटा घेतला तर प्रभावी आहे, पण एकामागून एक आले की यादी वाटते. देवाला चिडवायचे मार्ग संपेपर्यंत आपण थांबायचं, असं काहीसं. मनोरुग्णालयातला काळही पटकन उरकला जातो.

मग मात्र सिनेमा पुन्हा पाय रोवतो. इस्पितळातून सुटल्यावर जोंग-चान तिला केस कापायला सलूनमध्ये नेतो. केस कापणारी मुलगी खुन्याची लेक निघते. तिनं सुधारगृहात हे काम शिकलंय. मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं. शिन-ए अर्धवट कापलेल्या केसांनिशी उठून बाहेर पडते. इथे आधीचं एक दृश्य आठवायला हवं. याच मुलीला एका गल्लीत पोरं मारत होती, शिन-एनं गाडीतून ते पाहिलं होतं आणि ती निघून गेली होती. म्हणजे शिन-एही कुणाचं तरी लागते. ली हे अधोरेखित करत नाहीत. आपल्याला आठवलं तर आठवलं.

कथेतली आई शेवटी आत्महत्या करते. ली तिला जगवतात. शेवटी शिन-ए घराच्या अंगणात बसून उरलेले केस स्वतः कापते आणि जोंग-चान समोर आरसा धरून उभा राहतो. तो उपदेश करत नाही, वचन ऐकवत नाही. गंमत म्हणजे शिन-एनं चर्च सोडलं तरी तो जातोच आहे, बरं वाटतं म्हणून. कॅमेरा हळूच खाली वळतो, अंगणातल्या ओल्या, कचरा पडलेल्या कोपऱ्यावर थोडं ऊन आहे. संपलं.

मी हा सिनेमा आईला माझ्या फोनवर दाखवला. सबटायटल्स तिला वाचता येत नाहीत, म्हणून थांबवून थांबवून मराठीत सांगत होतो. तुरुंगाच्या दृश्याला ती काही बोलली नाही, फक्त पदर तोंडाला लावला. आरशापाशी म्हणाली, “हा बरा आहे. धरून उभा राहतो, बोलत नाही.”

यंदा काकांचा पुन्हा फोन आला, नाताळला येऊ का म्हणून. मी फोन आईकडे दिला. ती म्हणाली, “या भाऊजी. पण आल्यावर आधी यांच्याबद्दल बोलायचं. काय झालं, किती झालं, सगळं. मग आपण सोबत प्रार्थना करू.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग काका म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही. आई करंज्यांचं सारण मात्र नेहमीपेक्षा जास्त करतेय.